शाळेची डायरी आणि एस्प्लनेडचे गोखले

स्मरणिका समितीच्या चिटणीसांनी यंदा मला गाठले आणि म्हणाले, "दरवर्षी तुम्ही मांडवाच्या वायरिंगवर देखरेख करता, या वर्षी एक लेखही द्या." मी डिप्लोमा झालेला रेल्वेचा माणूस. माझे लिखाण म्हणजे इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि मटेरियलची मागणीपत्रे. तेव्हा वाचकांनी भाषेकडे जरा सांभाळून घ्यावे, ही विनंती. विषय मात्र माझा मीच निवडला आहे, आणि तो मिळाला माझ्या धाकट्या मुलीच्या शाळेच्या डायरीत.

ती इयत्ता तिसरीत आहे. जुलै महिन्यात तिच्या डायरीत एक गुलाबी कागद चिकटवून आला. वर ठळक अक्षरांत 'आगामी उपक्रम', आणि खाली यादी. पालक सभा, वाचन दिवस, आजी-आजोबा दिवस, पूजेच्या सुट्टीआधी हस्तकलेचे प्रदर्शन, डिसेंबरात क्रीडा दिन, आणि पुढच्या वर्षी सरस्वती पूजा. प्रत्येक उपक्रमापुढे एक चौकोन होता, आणि 'आई', 'वडील', 'इतर' यांपैकी कोण येणार त्यावर खूण करून सही करायची होती. आमच्या घरी असे कागद बहुतेक वेळा सौभाग्यवतीच भरते. या वेळी कन्येने तो कागद थेट माझ्या हातात दिला आणि निम्म्या बंगालीत विचारले, "बाबा, तुमि आशबे तो?" येणार ना?

मागच्या वर्षी क्रीडा दिनाला मी गेलो नव्हतो. आदल्या रात्री ड्युटी होती. शेवटची गाडी गेल्यावर थर्ड रेलचा करंट बंद होतो, तेव्हा आमचे काम सुरू होते आणि पहाटे पहिल्या गाडीच्या आत ते संपवावे लागते. सकाळी घरी येऊन झोपलो. दुपारी पोरगी पन्नास मीटरमध्ये दुसरी आल्याची रिबीन शर्टाला लावून घरी आली, पण मला तिने ती दाखवली नाही, आईलाच दाखवली. मी दाराआडून ऐकले. असो.

त्या गुलाबी कागदावर सही करताना मनात प्रश्न आला की शाळेने पालकाला बोलवायचे, त्याची सही मागायची, ही पद्धत आली कुठून? माझ्या वडिलांना माझ्या शाळेने कधी बोलावल्याचे मला आठवत नाही. बोलावले असेल तर ते तक्रार सांगायलाच असणार. आजोबांच्या शाळेचे तर वेगळेच प्रकरण होते, ते पुढे सांगतो. थोडी पुस्तके चाळली, आणि शोधता शोधता मी येऊन पोहोचलो तो माझ्या ऑफिसपासून पायी दहा मिनिटांवर.

एस्प्लनेड स्टेशन आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी इथूनच भवानीपूरपर्यंत धावली, अंतर अवघे ३.४ किलोमीटर. २०२४ च्या मार्चमध्ये हुगळी नदीखालून हावडा मैदानाची गाडी इथे आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सियालदाहचा तुकडा जोडला गेला. आता या गर्दीत कोणाला मान वर करून बघायला सवड नाही. पण स्टेशनातून वर येऊन उत्तरेकडे वळले की राजभवन म्हणून आपण ओळखत आलो ती भव्य पांढरी वास्तू आणि तिचे सिंह बसवलेले फाटक दिसते. वेलस्लीच्या काळात, १८०३ साली ही इमारत पुरी झाली. १९११ पर्यंत कलकत्ता ही हिंदुस्थानची राजधानी होती, आणि व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलाच्या हिवाळ्यातल्या बैठका इथेच भरत. त्या कौन्सिलात १६ मार्च १९११ रोजी एक मराठी माणूस उभा राहिला आणि त्याने प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

या इमारतीवरून मी रोज जातो. पंधरा वर्षे जात होतो. मला हे ठाऊक नव्हते.

गोखले म्हटले की आपल्याला गांधीजींचे गुरू, नेमस्त पुढारी, टिळकांचे प्रतिपक्षी एवढेच आठवते. ते मुळात शाळामास्तर होते हे आपण विसरतो. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी शिकवले, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक वर्षे शाळांतून चालत होते. त्यांचे स्वतःचे शिक्षण कसे झाले ते तर प्रत्येक पालकाने वाचण्यासारखे आहे. जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावचा. वडील कागलला नोकरीला होते. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा. थोरले बंधू गोविंदराव अठरा वर्षांचे, त्यांनी आपले शिक्षण सोडले आणि कागलातच पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली. त्या पंधरांतले आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत सगळे घर. पुढे कॉलेजचा प्रश्न आला तेव्हा वहिनींनी आपले दागिने पुढे केले अशी हकीकत चरित्रकार सांगतात. आज आपण ज्याला 'कुटुंबाचा सहभाग' म्हणतो तो या माणसाने आधी आपल्या ताटात पाहिला होता.

कलकत्त्यातल्या गोखल्यांची एक गोष्ट गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. १९०१ च्या काँग्रेसनंतर गांधीजी सुमारे महिनाभर इथे त्यांच्याकडे राहिले. शेजारी रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय. गोखले सगळीकडे घोडागाडीने जात. गांधीजींना ते खटकले, त्यांनी विचारले की आपण ट्रामने का जात नाही? गोखल्यांना वाईट वाटले. त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ असा की कौन्सिलाचा भत्ता मी चैनीवर उडवत नाही, तुमच्यासारखे ट्राममधून मोकळे हिंडता आले असते तर बरे झाले असते, पण लोक ओळखू लागले की ते जमत नाही. विजेवरची ट्राम एस्प्लनेड ते खिदिरपूर १९०२ च्या मार्चमध्ये सुरू झाली, म्हणजे हा संवाद झाला तेव्हा ट्रामही घोड्यांचीच असणार. तरी एस्प्लनेडला उतरणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग जवळचा वाटावा म्हणून सांगितला.

आता विधेयकाकडे. त्यापूर्वी १९१० च्या मार्चमध्ये त्यांनी कौन्सिलात ठराव आणून पाहिला होता. सरकारने विचार करतो म्हटले, म्हणून तो मागे घेतला. वर्षभरात फारसे काही हलले नाही, तेव्हा थेट विधेयकच आणले. त्यांनी आकडे दिले. प्रगत देशांत एकूण लोकसंख्येच्या सतरा ते वीस टक्के मुले प्राथमिक शाळेत होती, ब्रिटिश हिंदुस्थानात १.९ टक्के. या एका दशांश चिन्हावर मी बराच वेळ थांबलो. आमच्या कामात १.९ मिलिमीटरचा फरकही कागदावर नोंदवतात. इथे एका देशाची पोरे मोजली होती.

विधेयक वाचले तर ते फार सावध वाटते. सगळ्या देशाला एकदम सक्ती नाही. ज्या नगरपालिकेच्या वा लोकल बोर्डाच्या हद्दीत आधीच ठराविक प्रमाणात मुले शाळेत जातात, त्यांनीच, तेही सरकारची परवानगी घेऊन, सक्ती लागू करावी. वय सहा ते दहा. खर्चाची वाटणी त्यांनी सुचवली ती अशी, की एक हिस्सा स्थानिक संस्थेचा आणि दोन हिस्से सरकारचे. ज्या पालकाची मिळकत महिना दहा रुपयांपेक्षा कमी त्याच्याकडून फी घ्यायची नाही. सुरुवात मुलग्यांपासून, मुलींना पुढे यथावकाश.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो पालकाविषयीचा भाग. मुलाला शाळेत पाठवणे हे पालकाचे कर्तव्य, न पाठवल्यास दंड. पण हे पाहणार कोण? त्यासाठी गावोगाव 'हजेरी समिती' नेमायची होती. समितीने आधी पालकाकडे चौकशी करायची, ताकीद द्यायची, मग नाइलाज झाला तर मॅजिस्ट्रेटकडे जायचे. आणि पालकाची रास्त सबब कोणती तेही त्यात लिहिले होते. एका मैलाच्या आत शाळा नसेल, मूल आजारी असेल, घरात अडचण असेल, किंवा शेतीचा हंगाम असेल. शेतीचा हंगाम! कोकणात जन्मून कागलात वाढलेल्या माणसालाच हे सुचणार. दिल्ली-सिमल्याच्या फायलीत बसून कायदा करणाऱ्याला सुगीच्या दिवसांत पोराचे दोन हात घरात किती लागतात ते कळत नाही. शिवाय जो कोणी अशा वयाच्या मुलाला कामाला ठेवील त्यालाही दंड होता, म्हणजे दोष सगळा आईबापांवरच ठेवलेला नव्हता.

विधेयक मतांसाठी देशभर फिरले. वर्षानंतर, १८ व १९ मार्च १९१२ रोजी याच इमारतीत त्यावर चर्चा झाली. तोवर राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा होऊन गेली होती आणि कलकत्त्याचे दिवस भरत आले होते. शिक्षण खात्याचे सदस्य सर हार्कोर्ट बटलर यांनी सरकारतर्फे विरोध केला. लोकांची अजून तयारी नाही, सक्तीची मागणी लोकांतून आलेली नाही, आधी आपखुशीने शाळा वाढू देत, पैसा कुठून आणायचा, असे सगळे मुद्दे निघाले. काही जमीनदार मंडळींना धास्ती वाटत होती की कुळांची पोरे शिकली तर शेतात राबणार कोण. आपल्याच लोकांपैकीही पुष्कळांनी सरकारची बाजू घेतली. बाजूने बोलणाऱ्यांत मदनमोहन मालवीय होते, बंगालचे भूपेंद्रनाथ बसू होते, आणि मुंबईचे बॅरिस्टर जिना होते. मते पडली, विधेयकाच्या बाजूने १३, विरुद्ध ३८.

समारोपाच्या भाषणात गोखल्यांनी आधीच सांगून टाकले होते की दिवस मावळायच्या आत हे विधेयक फेटाळले जाणार, त्याची माझी तक्रार नाही. आमच्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशाची सेवा आली आहे, यश पाहणारी माणसे नंतर येतील, असा त्यांचा सूर होता. तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते गेले. वय ४८. म्हणजे माझ्याहून थोडेसेच मोठे.

इथवर आल्यावर मी गावी वडिलांना फोन लावला. आमचे गाव करवीर तालुक्यात, कागलपासून फार लांब नाही. लहानपणी आजोबांच्या तोंडून 'रुपयाची शाळा' हा शब्द मी ऐकला होता. मला वाटायचे शाळेची फी रुपया असावी. वडील म्हणाले, "अरे फी कसली, दंड तो! शाहू महाराजांचा."

तर हकीकत अशी. गोखल्यांचे विधेयक कलकत्त्यात पडले, पण संस्थानांना ते करून दाखवायला कोणी अडवले नव्हते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ सालीच अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्यात नेले. गोखले कौन्सिलात बडोद्याचाच दाखला देत. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि १९१८ मध्ये करवीर तालुक्यातल्या चिखली गावापासून शाळा उघडायला सुरुवात केली. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! गोविंदराव गोखल्यांचा महिन्याचा पगार पंधरा रुपये होता हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

माझ्या पणजोबांनी हा दंड भरला. एक नाही, दोन महिने. आजोबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे, घरात म्हशी होत्या आणि राखायला दुसरे कोणी नव्हते. तिसऱ्या महिन्यात पणजोबांनी हिशेब केला की पोरगा म्हशींमागे राहिला तर वर्षाचे बारा रुपये जातात, त्यापेक्षा म्हशी शेजाऱ्याच्या पोराबरोबर सोडाव्यात. अशा रीतीने आमच्या घराण्यात विद्या आली. कोणा थोर ध्येयाने नाही, बारा रुपयांच्या हिशेबाने. आजोबा पुढे चौथी पास झाले, तलाठ्याच्या हाताखाली लिहायला लागले, वडील त्यामुळे मॅट्रिक झाले आणि मी त्यामुळे पॉलिटेक्निकला गेलो. मी एस्प्लनेडला पोहोचलो त्यामागे तो रुपया आहे असे म्हटले तर वडिलांना हसू येते, पण ते नाही म्हणत नाहीत.

मी विचारले, "आणि अक्का आजी?" ही आजोबांची धाकटी बहीण. वडील जरा थांबले. म्हणाले, "तिचा कुठला रुपया? तिला कोण विचारायला आलं?" अक्का आजीला मी पाहिले आहे. पोस्टातून पेन्शनचे पैसे घेताना शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायची आणि मग तो पदराला पुसत बसायची. पुसून जात नसे. गोखल्यांच्या विधेयकात मुलींना 'यथावकाश' ठेवले होते, सरकारी विरोध कमी व्हावा म्हणून, हे मला समजते. पण त्या यथावकाशात किती अक्का आज्या म्हाताऱ्या झाल्या!

मुलींच्या शाळांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या पुण्याचा आणि या कलकत्त्याचा त्यात एकच वर्षाचा फरक आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडे वाड्यात शाळा काढली ती १८४८ साली. इथे बेथून साहेबांनी मुलींची शाळा उघडली ७ मे १८४९ रोजी, एकवीस मुली घेऊन. दोन्हीकडे अडचण एकच होती, ती म्हणजे पालक. मुली मिळत नव्हत्या, कारण आईबाप समाजाला भीत. इथे पंडित मदनमोहन तर्कालंकारांनी आपल्या दोन मुली, भुवनमाला आणि कुंदमाला, शाळेत घातल्या आणि त्यापायी जातीचा रोष पत्करला. एका बापाने पुढे व्हावे लागते तेव्हा बाकीचे हलतात. शाळेच्या गाडीवर, मुलीचेही पालनपोषण आणि शिक्षण काळजीपूर्वक करावे, अशा अर्थाचे संस्कृत वचन रंगवले होते. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक बापाने ते वाचावे असा हेतू असणार. जाहिरातीची ही कल्पना मला फार आवडली.

पुण्यात फुल्यांनी वेगळा मार्ग काढला. मुलींची परीक्षा चार भिंतींच्या आत न घेता लोकांसमोर घेतली. १८५३ च्या फेब्रुवारीत झालेल्या अशा परीक्षेला सुमारे तीन हजार लोक जमले होते. मुली वाचतात, उत्तरे देतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आपण आज स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरून बसतो आणि मागच्यांच्या शिव्या खातो, त्या प्रकाराचा मूळपुरुष मला या परीक्षेत दिसतो. फरक इतकाच की तिथे काही पालक आपलीच मुलगी वाचते आहे यावर विश्वास बसावा म्हणून आले असतील. याच शाळांतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, आणि तो आजही वाचला जातो.

कलकत्त्यात पुढे भगिनी निवेदितांनी १८९८ च्या नोव्हेंबरात बागबाजारला शाळा काढली तेव्हाही त्यांना घरोघर जाऊन मुली मागाव्या लागल्या. पन्नास वर्षे उलटून गेली तरी पालक दारातच उभा होता.

म्हणजे पहिली पन्नास-साठ वर्षे शाळा पालकाची विनवणी करत होती, नंतर कायदा त्याला दंड करू लागला. त्याला आत बोलावून खुर्ची देणे फार पुढचे. ते काम आपल्याकडे ज्यांनी केले त्यांत मला ताराबाई मोडकांचे नाव आधी घ्यावेसे वाटते. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्यांनी काम केले, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. मग १९४५ नंतर त्या अनुताई वाघांना घेऊन बोर्डीला गेल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यावर, झोपड्यांच्या अंगणात नेली. मुले गुरे राखायला जातात तर शाळा कुरणात नेली. आजोबांच्या म्हशी आठवून मला इथे गंमत वाटली. ताराबाई आमच्या गावात असत्या तर पणजोबांचे दोन रुपये वाचले असते! अंगणात शाळा भरली म्हणजे आई चुलीपाशी बसून ऐकते, बाप येता-जाता बघतो, धाकटे भावंड आपोआप येऊन बसते. सहभागासाठी वेगळे पत्रक छापावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतरचे थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबई राज्यात १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला. घटनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व आले, पण ते तत्त्वच राहिले. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि त्याच दुरुस्तीने ५१ अ कलमात पालकाचे कर्तव्यही घातले. त्यावरून शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांच्या त्या दिवसाला तेव्हा नव्याण्णव वर्षे झाली होती.

या कायद्याच्या २१ व्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालकांतून घ्यायचे, निम्म्या स्त्रिया असायच्या, आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा, मिळालेल्या अनुदानाचा वापर तिने पाहायचा. १९११ च्या हजेरी समितीशी हे ताडून बघावे. तेव्हाची समिती पालकावर नजर ठेवणार होती, आताची पालकांची समिती शाळेवर ठेवते. आणि दंड या कायद्यात पालकाला नाही. पाठवणे हे त्याचे कर्तव्य म्हटले आहे, इतकेच. शाळा पुरवण्याची जबाबदारी सरकारची. पणजोबा असते तर म्हणाले असते, मग म्हशी कोण सोडणार? माझे मत विचाराल तर एका पिढीला त्या रुपयाची गरज होती. आज नाही.

मात्र हे कलम विनाअनुदानित खाजगी शाळांना लागू नाही, आणि इथे आपल्या मंडळींची बरीच मुले अशाच शाळांत आहेत. तिथे पालक-शिक्षक संघ असतो, केंद्रीय विद्यालयांत त्यांची वेगळी समिती असते. महाराष्ट्रात २०११ च्या शुल्क कायद्याने खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ असणे बंधनकारक केले आहे, पण तो कायदा महाराष्ट्रापुरता. इथे शाळेगणिक रीत निराळी. आपली आणखी एक अडचण म्हणजे बदल्या. तीन-चार वर्षांनी गाव सोडायचे असेल तर माणूस शाळेच्या समितीत कशाला नाव देईल? आणि भाषा. पालक सभेत गप्पा बंगालीत रंगतात आणि ठराव इंग्रजीत होतात. आपल्या गृहिणी मागच्या बाकावर बसून हसतात आणि घरी येऊन आपल्याला विचारतात, काय ठरले हो? सौभाग्यवतीने मला हे ऐकवले तेव्हा मी म्हटले, मला कसे ठाऊक, मी आलो होतो का? त्यावर तिने जे उत्तर दिले ते स्मरणिकेत छापण्याजोगे नाही.

यावर एक उपाय आपण या उत्सवातच करतो आहोत याकडे लक्ष वेधावेसे वाटते. दुपारच्या बालकांच्या कार्यक्रमाला, अथर्वशीर्ष पाठांतराला, चित्रकला स्पर्धेला आईवडील दोघेही येतात, खुर्च्या मांडतात, परीक्षकांना चहा देतात. कोणी सही मागत नाही. बंगाली शेजारीही आपली मुले घेऊन येतात. माझे एक बंगाली सहकारी तर मला म्हणाले, "तुमच्या गणपतीत तुम्ही मुलीचे वडील दिसता, शाळेत कधी दिसत नाही." त्यांची मुलगी तिच्याच वर्गात आहे. सरस्वती पूजेला शाळेत खिचुडी वाढायला ते दरवर्षी असतात. बंगाल्यांत सरस्वती पूजेच्या दिवशी लहान मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल देऊन पहिले अक्षर गिरवून घेतात, त्याला 'हातेखोडी' म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्याने किंवा पुरोहिताने मुलाचा हात धरायचा असतो. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन असते, तसेच ते.

मागच्या आठवड्यात लंचच्या सुट्टीत मी राजभवनाच्या फाटकापर्यंत चालत गेलो. आत जाता येत नाही, आणि बाहेर गोखल्यांच्या विधेयकाची काही पाटीही दिसली नाही. पहारेकऱ्याने काय पाहिजे म्हणून विचारले, मी काही नाही म्हणालो. परत येताना ट्रामच्या रुळांशी उभे राहून शाळेच्या नंबरावर फोन लावला आणि पालक सभेला दोघेही येत असल्याचे सांगितले.

सभा झाली. क्रीडा दिनाच्या कामांची वाटणी चालली होती. पाणी, खाऊ, प्रथमोपचार, बक्षिसे, सगळ्याला हात वर झाले. मैदान आखायला कोणी पुढे येईना. गेल्या वर्षी पन्नास मीटरची धाव एका टोकाला दीड मीटर कमी भरली होती असे खेळाच्या सरांनीच हसत सांगितले. मी हात वर केला. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले.

तेव्हा डिसेंबरातल्या त्या शनिवारी पहाटे मी स्टीलचा टेप, दोरी आणि चुन्याची गोणी घेऊन मैदानावर असेन. आदल्या रात्रीची ड्युटी बदलून घेण्याबद्दल सहकाऱ्याशी बोलणे झाले आहे. त्याच्या बदल्यात त्याची नाताळची रात्र मी करायची आहे. आठ लेन आखायच्या, प्रत्येक १.२२ मीटरची. दोरी धरायला दुसरे माणूस लागते, कन्या म्हणते ते काम तिचे.